सुरू केलेला सामना संपवणारे पिचर : पार्श्वभूमी

बेसबॉलमध्ये पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. सामना सुरू करून त्याने तो एकट्याने शेवटपर्यंत टाकला की ‘पूर्ण सामना’ त्याच्या नावावर लागतो; एरवी सामना नऊ इनिंगचा, म्हणजे नऊ डावांचा. अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक बेसबॉलमध्ये १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पिचरने एकाच हंगामात ४८ सामने एकट्याने पूर्ण केले. तेव्हा पिचर बदलायचा तो जायबंदी झाला किंवा त्याची बेदम धुलाई झाली तर. १ मे १९२० ला बॉस्टनमध्ये दोन्ही संघांचे पिचर २६ इनिंग टाकत राहिले आणि शेवटी अंधारामुळे सामना १-१ वर थांबवावा लागला. या दंतकथा ऐकायला झकास आहेत, पण पूर्ण सामने आज जवळपास दिसत नाहीत, त्याची मुळं गेल्या पन्नासेक वर्षांत सापडतात.

१९६९ मध्ये ‘सेव्ह’ची, म्हणजे संघाची आघाडी शेवटपर्यंत टिकवल्याची, अधिकृत नोंद सुरू झाली आणि मागाहून येऊन सामना शेवटाला नेणाऱ्या पिचरला, म्हणजे रिलीव्हरला, भाव आला. १९७३ पासून दोन लीगपैकी अमेरिकन लीगमध्ये पिचरच्या जागी दुसराच बॅटिंगला येऊ लागला, म्हणजे बॅटिंगपायी पिचर बदलायची गरज उरली नाही, त्यामुळे निदान तिथे तरी पूर्ण सामने काही काळ टिकून राहिले. १९८० मध्ये ओकलंडच्या पिचरनी मिळून ९४ सामने पूर्ण केले. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतल्या बहुतेकांची कामगिरी ढासळली. पिचरना फार राबवल्याचं खापर मॅनेजरवर फुटलं, ते फारसं चुकीचंही नव्हतं. गंमत म्हणजे १९८८ मध्ये त्याच ओकलंडने शेवटच्या एकाच इनिंगसाठी राखून ठेवलेला क्लोजर वापरून दाखवला आणि बाकीच्यांनी तोच कित्ता गिरवला. एकाच पिचरचे हंगामात २० पूर्ण सामने शेवटचे दिसले ते १९८६ मध्ये.

खरा घोळ २०२१ चा. कोविडच्या काळात, २०२० आणि २०२१ मध्ये, एकाच दिवशी दोन सामने असले की ते सात-सात इनिंगचे ठेवले जात. २५ एप्रिल २०२१ ला अटलांटात अॅरिझोनाच्या पिचरने सातही इनिंगमध्ये एकही हिट (बॅटरला बेसवर पोहोचवणारा फटका) दिला नाही. त्याच्या नावावर पूर्ण सामना लागला, शटआउट (समोरच्यांना एकही रन नाही) लागला, पण नो-हिटर (एकही हिट न दिलेला सामना) मात्र नाही. कारण १९९१ चा निर्णय : किमान नऊ इनिंग टाकल्याशिवाय नो-हिटर नाही. त्या एका फटक्यात जुन्या यादीतली पन्नास नावं उडाली होती. पूर्ण सामन्याला अशी अट कधीच नव्हती. पावसाने पाच इनिंगमध्ये आटोपलेला सामनाही पूर्ण धरला जातो. पाहुण्या संघाचा पिचर आठ इनिंग टाकून हरला तरी त्याची तीच नोंद होते, कारण यजमान आघाडीवर असतील तर त्यांना नववीत बॅटिंगच करावी लागत नाही. १९९२ मध्ये क्लीव्हलंडमध्ये बॉस्टनच्या एका पिचरचं नेमकं असं झालं : आठ इनिंग, हिट शून्य, तरी पराभव. पूर्ण सामना मिळाला, नो-हिटर गेला. सामना जेवढा ठरला तेवढा टाकला, तर एका रकान्यात तो पूर्ण आणि दुसऱ्यात अपुरा, हे पटणं कठीणच. २०२२ मध्ये नऊ इनिंग परत आल्या आणि वाद तसाच राहिला.

२०२२ च्याच एप्रिलमध्ये मिनेसोटात लॉस एंजेलिसच्या पिचरला सात इनिंग परफेक्ट, म्हणजे एकाही बॅटरला बेसवर पोहोचू न देता, टाकल्यावर, ८० चेंडूंवरच, बाहेर काढलं. थंडी होती, हंगामपूर्व सराव कमी झाला होता, त्यालाही ते मान्य होतं. बॅटर तिसऱ्यांदा समोर आला की जास्त मारतो, हे गणित आता प्रत्येक संघाकडे आहे. २०२२ च्या पूर्ण हंगामात ४,८६० स्टार्टपैकी (प्रत्येक सामन्यात दोन्ही संघांचा एकेक सुरुवातीचा पिचर धरून) अवघे ३६ पूर्ण झाले. त्यांतले सहा मायामीच्या एकाच पिचरचे. पुढच्याच वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि २०२४ चा सगळा हंगाम हुकला.