चलांच्या मर्यादा आल्या कुठून?

लिनिअर प्रोग्रॅमिंगचं, म्हणजे सरळ रेषेतल्या अटी पाळून सर्वांत चांगलं उत्तर शोधण्याचं गणित सॉफ्टवेअरला दिलं आणि उणे यायला हवं होतं ते चल (ज्याची किंमत शोधायची ती राशी) शून्यावर अडून बसलं, तर आधी मर्यादा तपासावी. खालची मर्यादा लिहिली नाही की बरीच सॉफ्टवेअर ती शून्यच धरतात.

ही सवय जुनी आहे. अमेरिकी गणितज्ञ जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये अशी गणितं सोडवण्याची सिम्प्लेक्स पद्धत मांडली ती अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनाची कामं समोर ठेवून. माणसं, विमानं, सामान उणे असत नाही. त्यामुळे चल शून्याच्या खाली जाणार नाही हे पद्धतीतच मुरलं.

वरच्या मर्यादेची सुरुवात डँट्झिग यांच्या ताटातून झाली. १९५०च्या दशकात डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी आपला आहार याच पद्धतीनं संगणकाकडून काढून घेतला. पहिल्या उत्तरात ५०० गॅलन व्हिनेगर निघालं. ते वगळलं, तर रोज २०० सूप क्यूब! क्यूब खारट, पण मिठाला वरची सीमा कुणी घातलीच नव्हती. मग त्यांनी 'दिवसाला जास्तीत जास्त ३' अशी मर्यादा घातली. वरच्या मर्यादा तिथून सुरू झाल्या, असं त्यांनीच पुढे लिहिलं आहे.

पण प्रत्येक मर्यादा स्वतंत्र अट म्हणून लिहिली, तर हजार चलांमागे हजार ओळी वाढतात, आणि त्या काळच्या संगणकांची स्मृती तुटपुंजी होती. १९५०च्या दशकाच्या मध्यात डँट्झिग आणि स्वतंत्रपणे चार्न्स व लेम्के यांनी त्यावर उपाय काढला: पायाबाहेरचं चल (सिम्प्लेक्सच्या त्या टप्प्यावर ज्याची किंमत समीकरणांतून काढत नाहीत, एका जागी धरून ठेवतात ते) शून्यावरच असायला हवं असं नाही, ते वरच्या मर्यादेवरही टेकू शकतं. ओळ वाढत नाही. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत देखणी कल्पना वाटते, आणि आजची सॉफ्टवेअर मर्यादा वेगळ्या मागतात ती तिच्यामुळेच.

पुढे आयबीएमच्या एमपीएस फाइलीत, म्हणजे अशी गणितं लिहून ठेवायच्या ठरावीक साच्यात, मर्यादांना वेगळा विभाग मिळाला. काही लिहिलं नाही तर शून्य ते अनंत, हा नियमही त्यातच. पायथनच्या सायपाय संग्रहातलं लिनप्रॉग हे फंक्शन तो आजही पाळतं. त्याच नावाचं मॅटलॅब या गणिती सॉफ्टवेअरमधलं फंक्शन मात्र चल मोकळं सोडतं. एमपीएसमध्ये एक अडचण राहूनच गेली: वरची मर्यादा उणे दिली आणि खालची दिलीच नाही, तर काही सॉफ्टवेअर खालची उणे अनंत धरतात, काही शून्यावर ठेवून उत्तरच नाही म्हणतात. अशा चलाची खालची मर्यादा स्वतंत्र ओळीत लिहिली की फाइल सगळीकडे सारखीच वाचली जाते.