मॅक्रो : मजकुरापासून झाडापर्यंत

ज्युलिया या प्रोग्रामिंगच्या भाषेत '@शो' नावाचा एक मॅक्रो, म्हणजे कोड रचून देणारा कोड, आहे. त्याला 'अ + ब' दिलं की पडद्यावर 'अ + ब = ७' असं उमटतं. दिसायला किरकोळ, पण साध्या फंक्शनला हे जमत नाही. फंक्शनच्या हाती पडेपर्यंत बेरीज उरकलेली असते, त्याला नुसता ७ दिसतो. मॅक्रोला मात्र बेरीज होण्याआधीचं 'अ + ब' जसंच्या तसं मिळतं. ही सोय यायला बराच काळ लागला.

सुरुवात कंटाळ्यातून झाली. १९५०च्या दशकात असेंब्लीत, म्हणजे यंत्राच्या आदेशांना अगदी लागून असलेल्या भाषेत, लिहिणाऱ्यांना तेच ते चार आदेश पुन्हा पुन्हा लिहावे लागत. म्हणून त्या ओळींना एक नाव द्यायचं आणि ते दिसेल तिथे असेंब्लरनं (असेंब्लीचं यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामनं) त्या ओळी भरायच्या, अशी युक्ती निघाली. एप्रिल १९६०च्या 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम'मध्ये बेल लॅब्सच्या डग मॅकिलरॉय यांनी हीच कल्पना कंपायलरच्या, म्हणजे माणसाला सोप्या पडणाऱ्या वरच्या पातळीच्या, भाषांपर्यंत नेली. गंमत म्हणजे त्याच अंकात जॉन मॅकार्थींचा लिस्पवरचा लेखही आहे. पुढे एकत्र येणाऱ्या दोन वाटा एकाच अंकात, काही पानांच्या अंतरावर!

लिस्पमध्ये प्रोग्राम म्हणजे कंसात कंस घातलेली यादी. मॅकार्थींना खरं तर माणसांसाठी वेगळी, गणितासारखी लेखनपद्धत हवी होती. पण स्टीव्ह रसेल यांनी लेखातलं 'इव्हॅल', म्हणजे लिस्पचा प्रोग्राम चालवणारं फंक्शन, थेट यंत्राच्या भाषेत उतरवलं, इंटरप्रिटर चालू झाला आणि लोक याद्यांमध्येच लिहू लागले. ती दुसरी पद्धत मागेच पडली. याद्यांवर काम करणाऱ्या भाषेत प्रोग्रामही यादीच असेल, तर प्रोग्रामनं प्रोग्राम रचायला अडचण कसली? १९६३ साली टिमोथी हार्ट यांनी एमआयटीतल्या एका टिपणात लिस्पसाठी मॅक्रो मांडले ते याच आधारावर. पुढे अशा याद्या रचायला उलटा कोट (`) हे चिन्ह आलं, ते मला छापील अर्जासारखं वाटतं : मजकूर तयार, गाळलेल्या जागा तेवढ्या भरायच्या.

सी भाषेनं दुसरी वाट धरली. तिचा प्रीप्रोसेसर, म्हणजे कंपायलरच्या आधी मजकुरावर हात फिरवणारा प्रोग्राम, १९७२-७३च्या सुमारास आला तेव्हा दुसरी फाइल आणून जोडणं आणि साधी शब्दांची अदलाबदल, एवढंच करायचा. आर्ग्युमेंट घेणारे मॅक्रो नंतर आले. पण तो पाहतो मजकूर, अर्थ नव्हे. 'वर्ग(क्ष)' म्हणजे 'क्ष * क्ष' असं ठरवलं आणि 'वर्ग(३ + १)' लिहिलं, तर हाती येतं '३ + १ * ३ + १', म्हणजे १६ऐवजी ७. त्यावर उपाय म्हणून सगळीकडे कंस घालायची शिस्त आली. तरी आत फंक्शनची हाक असेल तर ती दोनदा जातेच.

लिस्पवाल्यांना कंसांचा हा त्रास नव्हता, कारण त्यांच्या हाती मजकूर नव्हे, कंसांतल्या कंसांनी बनलेलं प्रोग्रामच्या रचनेचं अख्खं झाड होतं. त्यांचं दुखणं नावांचं. दोन व्हेरिएबलांची अदलाबदल करणारा मॅक्रो आत 'तात्पुरता' नावाचं व्हेरिएबल वापरतो, आणि वापरणाऱ्यानं नेमकं त्याच नावाचं स्वतःचं व्हेरिएबल दिलं, तर अदलाबदल होतच नाही. वाड्यात 'बाळ्या' म्हणून हाक मारावी आणि भलत्याच बिऱ्हाडातला बाळ्या यावा, तसं. बरीच वर्षं यावरचा इलाज एकच : कुणी वापरणारच नाही असं नाव दरवेळी हातानं घडवून घेणं. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझन आणि ड्युबा यांनी हे काम मॅक्रो उलगडणाऱ्या यंत्रणेवरच टाकलं. त्याला 'हायजीन' हे नाव पडलं, आणि स्कीम या लिस्पच्या बोलीच्या १९९८च्या प्रमाणकात तशा मॅक्रोंना भाषेच्या मुख्य भागात जागा मिळाली.

मधल्या काळात सी++मध्ये एक वेगळाच चमत्कार घडला. टेम्प्लेट केली होती एकच कोड वेगवेगळ्या टाइपांसाठी (डेटाच्या प्रकारांसाठी) वापरता यावा म्हणून, पण १९९४ साली एर्विन उनरूह यांनी असा प्रोग्राम दाखवला की कंपायलरच्या चुकांच्या संदेशांतून मूळ संख्या बाहेर पडत होत्या, म्हणजे गणित प्रोग्राम चालण्याआधी कंपायलरच करत होता. असा प्रकार कुणी मुद्दाम योजला नव्हता, म्हणूनच तो वाचायला इतका किचकट.

२०१२मध्ये जाहीर झालेली ज्युलिया लिस्पच्या वाटेनं गेली, फक्त कंसांचं ओझं टाकून. ':(अ + ब)' लिहिलं की एक वस्तू मिळते : वर 'कॉल', खाली '+', 'अ' आणि 'ब'. त्यातलं '+' काढून '*' ठेवता येतं आणि मग ते चालवताही येतं. हायजीनही आहे, आणि मी पहिल्यांदा फसलो तो तिथेच. मॅक्रोच्या आत एक व्हेरिएबल तयार केलं, बाहेर वापरायला गेलो, तर असं नावच नाही म्हणे. ज्युलियानं ते गुपचूप बदलून ठेवलं होतं. हे नाव बदलू नको असं सांगणारं 'एस्क' लावायचं राहिलं होतं.