बाळ रडलं, पण वार पडायची आहे

बाळाचं रडणं ऐकू आलं की दाराबाहेर बसलेल्यांचा जीव भांड्यात पडतो. कुणी मामाला फोन लावतं, कुणी गूळ शोधायला धावतं. आत मात्र वार, म्हणजे पोटात बाळाला पोसणारी प्लॅसेंटा, अजून पडलेली नसते, आणि आईच्या जिवाला सगळ्यात मोठा धोका असतो तो इथून पुढच्या काही तासांत.

दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त वाहत असतं. वार सुटते तेव्हा तिच्या जागी रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी राहतात. ती मिटवायचं मुख्य काम गर्भाशयाचा स्नायूच करतो. त्याचे तंतू बाजेच्या विणीसारखे आडवेतिडवे गुंफलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्या विणीच्या फटींतून जातात. गर्भाशय आवळलं की फटी मिटतात, रक्त थांबतं. ते ढिलं राहिलं तर रक्त वाहतच राहतं, आणि उपचार मिळाले नाहीत तर बाई दोनेक तासांतही दगावू शकते.

आता हे दोन तास सातपुड्यात मोजून पाहा. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडचे पाडे डोंगरांवर विखुरलेले आहेत. पावसाळ्यात बांबूला झोळी बांधून बाईला खांद्यावरून आणावं लागतं, आणि नर्मदाकाठच्या मणिबेलीसारख्या गावांना होडीचा आधार. 108 ची गाडी रस्ता असेल तिथवरच येणार. त्यात अंगात मुळात रक्त कमी असलं, तर एरवी सोसवला असता तेवढा रक्तस्रावही जीवघेणा ठरतो. भिल्ल आणि पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजारही आढळतो, त्यामुळे ही काळजी इथे जास्तच घ्यावी लागते. रक्तस्राव सुरू झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ उरत नाही. बाळंतपण होईल तिथे शिकलेले हात आधीपासून हवेत.

ते हात करतात तरी काय? बाळ जन्मलं की पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री करून, मिनिटभरात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन देतात. गर्भाशय आवळणारं हे संप्रेरक शरीरात तयार होतंच. बाळ अंगावर पिऊ लागलं की तेच स्रवतं. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी ते 1953 साली प्रयोगशाळेत तयार केलं आणि 1955 साली त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शननंतर सिस्टर पोटावर हात ठेवून गर्भाशय कडक झालंय का पाहत राहते, पडलेली वार अखंड आहे का तपासते. तुकडा आत राहिला तर गर्भाशय नीट आवळत नाही.

खान्देशात यात एक अडचण आहे ती उन्हाची. ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. भुसावळ-जळगावचा पारा मे महिन्यात 45 च्या वर जातो. वीज गेलेल्या उपकेंद्रातली कुपी दिसायला तशीच राहते, पण तिचा जोर ओसरत जातो. माझ्या मते उपकेंद्रातला चालू फ्रीज हीसुद्धा आईचा जीव वाचवणारी वस्तू आहे.

आणि हेच औषध बाळ जन्मण्याआधी, ‘कळा वाढवायचं इंजेक्शन’ म्हणून घरी कुणाकडूनही टोचून घेणं फार घातक आहे. बेसुमार कळांनी बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटूही शकतं. कुणी कितीही आग्रह केला तरी घरी हे इंजेक्शन घेऊ देऊ नका.

उन्हात टिकणारा पर्याय म्हणजे मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत एएनएमनी, म्हणजे उपकेंद्रातल्या परिचारिकांनी, बाळंतपणानंतर लगेच या गोळ्या दिल्या, तेव्हा अतिरक्तस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर आलं. हा अभ्यास 2006 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. मात्र अडकलेली वार गोळीने सुटेलच असं नाही, आणि गेलेलं रक्त गोळी भरून देत नाही.

बाळाचं गणितही मिनिटाचंच आहे. बहुतेक बाळं आपणहून श्वास घेतात, काहींना कोरडं करून पाठ चोळावी लागते आणि थोड्यांना पिशवी-मास्कने हवा द्यावी लागते. ती थोडी बाळं कोणती, हे आधी सांगता येत नाही.

या सगळ्यात दाईला बाजूला सारावं असं मला मुळीच वाटत नाही. ती पावरीत, भिलोरीत बोलते, कळा देणाऱ्या बाईची पाठ धरते. सोबतीला विश्वासाचं माणूस असलं की कळांचा काळ कमी होतो, हे अभ्यासांतूनही दिसलं आहे. सिस्टर इंजेक्शन तयार ठेवून उभी आणि दाई उशाशी, अशी जोडी प्रसूतिकक्षात असायला हवी.

वाट अवघड असलेल्या पाड्यांसाठी राज्यातल्या आदिवासी जिल्ह्यांत ‘माहेरघर’ योजना आहे. तारखेच्या काही दिवस आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहायचं. सोबत घरचं माणूस आणि लहान मूलही राहू शकतं. आपल्या केंद्रात ही सोय आहे का, हे आशाताईंना सातव्या-आठव्या महिन्यातच विचारून ठेवावं. ऊसतोडीला गुजरातेत जायचं असेल तर निघण्याआधी विचारावं, आणि तपासणीचं कार्ड सोबत न्यावं.