गाडी उंच, पूल ठेंगणा: नागपुरातून उंच माल न्यायचा असेल तर परवानगी कोणाची, कागद कोणते

नागपूरला लागून असलेल्या वाडी गावात, ट्रान्सपोर्ट गोदामांच्या ओळीत माझं टेबल आहे. अर्ज भरून देणं, परवानग्यांचा पाठपुरावा करणं हा धंदा. आठवड्यातून एकदा तरी फोन येतो, "भाऊ, ट्रेलर भरला आहे, परवानगी उद्यापर्यंत होऊन जाईल ना?" मी विचारतो, उंची किती? थोडा वेळ शांतता, मग उत्तर येतं, "असेल साडेचार."

या "असेल"मध्येच सगळी भानगड आहे. अर्ज कुठल्या कार्यालयात जाणार, किती कार्यालयांत जाणार, की अर्जाची गरजच नाही, हे त्या एका आकड्यावर ठरतं. म्हणून फॉर्मकडे नंतर वळू.

मर्यादा किती?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम ९३ मध्ये गाडीची लांबी, रुंदी, उंची ठरवून दिलेली आहे. मालवाहू गाडीला आधी ३.८ मीटरची मर्यादा होती. जून २०२० च्या दुरुस्तीने ती ४ मीटर झाली. कंटेनर वाहून नेणाऱ्या गाडीला ४.५२ मीटर, डबल डेकर बसला ४.७५ मीटर. रुंदी २.६ मीटर. काही खास ट्रेलरना वेगळी सूट आहे, पण आपल्याकडे येणारी बहुतेक प्रकरणं एवढ्यातच बसतात.

हिशेब करून बघा. कंटेनर डेपोतून उंच जातीचा, म्हणजे साडेनऊ फुटी कंटेनर उचलला. त्याची उंची २.९ मीटर. ट्रेलरचा पाटा जमिनीपासून दीड मीटर धरला तर एकूण ४.४ झाली. ही गाडी कायद्यात बसते, तिला उंचीसाठी वेगळी परवानगी लागत नाही. पण महामार्गाखालून गावाकडे जाणारे जे छोटे भुयारी मार्ग असतात, हलक्या वाहनांसाठीचे, ते ४ मीटर उंचीचेच बांधतात. मोठ्या वाहनांसाठीच्या मार्गाला ५.५ मीटर मोकळी उंची ठेवतात. दोन्ही लांबून सारखेच दिसतात. सर्व्हिस रोडवरून यू-टर्न घ्यायला म्हणून कंटेनरवाला छोट्यात शिरतो आणि अडकतो. त्याचे कागद शंभर टक्के बरोबर असतात, फक्त कंटेनरचं छत गेलेलं असतं.

पुलाआधी लाल गोल पाटीवर वर-खाली दोन काळे त्रिकोण आणि मध्ये आकडा असतो, ती त्या जागेची मर्यादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली एखाद्या रस्त्यावर ठराविक गाड्यांना बंदी घालता येते. तुमची परवानगी त्या पाटीला रद्द करत नाही. पाटीवरच्या आकड्यावरही माझा पूर्ण भरवसा नाही. रस्त्यावर दर दोन-चार वर्षांनी डांबराचा नवा थर चढतो, पाटी मात्र जुनीच राहते.

परवानगी कोणाला मिळते, कोणाला नाही

इथे बरेच लोक चुकतात. मर्यादेबाहेरच्या मालाला परवानगी मिळते ती तो एकच, न तोडता येणारा नग असेल तर. ट्रान्सफॉर्मर, बॉयलर, टर्बाइनचा भाग, मोठी टाकी. कोराडी, खापरखेडा, मौद्याच्या वीज केंद्रांकडे जाणारा असा माल नागपूरकरांनी रात्री रस्त्याने सरकताना पाहिलेला असतो, पुढे-मागे पिवळे दिवे आणि शेजारून चालणारी माणसं.

कुटार (गुरांचा भुसा), कापूस, रिकामे ड्रम, फर्निचर यांना परवानगी मिळत नाही, मागूही नका. तो माल दोन गाड्यांत जातो, म्हणजे उंची कमी करता येते. पोकलेनचं प्रकरण मधलं आहे. मशीन एक नग हे खरं, पण बकेट काढता येते, बूम, म्हणजे मशीनचा लांब हात, नीट दुमडता येतो, गरज पडली तर बूम उतरवून दुसऱ्या गाडीतही टाकता येतो. तपासणारा अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतो, "उंची कमी करायला काय केलं?" त्याचं लेखी उत्तर अर्जासोबतच लावलं तर एक फेरी वाचते.

विनापरवाना नेला तर? २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४(१अ) सांगतं: माल बाजूला, पुढे, मागे किंवा उंचीला मर्यादेबाहेर गेला तर २०,००० रुपये दंड, शिवाय माल उतरवण्याचा खर्च तुमचा. माल नीट बसवेपर्यंत गाडी हलू देत नाहीत. सक्षम अधिकाऱ्याने त्या विशिष्ट मालासाठी आदेश दिला असेल तर हे कलम लागत नाही. आपण ज्यासाठी धावपळ करतो तो कागद म्हणजे हा आदेश.

आधी मोजा

मोजायची जागा धर्मकाटा. तिथला पाटा सपाट असतो आणि वजनाची पावतीही तिथेच मिळते, तीही लागणारच आहे. दोन माणसं, एक सरळ अॅल्युमिनियमची फट्टी, पाणसळ आणि स्टीलची टेप. फट्टी मालाच्या सगळ्यात उंच टोकावर आडवी धरायची, पाणसळीत बुडबुडा मध्ये आला की फट्टीच्या बाहेर आलेल्या टोकापासून टेप जमिनीपर्यंत सोडायची. कापडी टेप नको, ती ताणली जाते.

सगळ्यात उंच टोक कुठलं, हे मात्र डोळ्यांनी शोधावं लागतं. मशीनचं धुराडं, बूमवरून वळलेला हायड्रॉलिक पाइप, उचलायचा हुक, केबिनवरचा पिवळा दिवा. ताडपत्री वाऱ्याने फुगते तीसुद्धा. रिकामी गाडी कमान्यांवर उचललेली असते, त्यामुळे भरून गेलेली गाडी परत येताना थोडी उंच असते. लांब ट्रेलरची आणखी एक गंमत आहे. पुलाखालचा रस्ता बहुतेक वेळा खोलगट असतो. पुढची चाकं पलीकडच्या चढावर आणि मागची अलीकडच्या उतारावर असतात तेव्हा मधला भाग खोलगटावर अधांतरी राहतो आणि नेमका पुलाच्या तळाजवळ जातो. म्हणून मोजलेली उंची आणि पाटीचा आकडा यांत बोटभर फरक असेल तर मी तो मार्ग लिहीतच नाही.

हे मी एकदा हात पोळून शिकलो. उमरेडकडच्या खाणीवर एक पोकलेन जायचं होतं. ड्रायव्हरने सांगितलं ४.६, मी तेच लिहिलं. रेल्वे फाटकाच्या आधी उंची मोजणारी लोखंडी कमान असते, तिला बूमवरचा पाइप टेकला. मोजलं तर ४.७८. ट्रेलर ऐन वेळी बदलला होता, त्याचा पाटा जास्त उंच होता आणि कोणी मला सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. दोन रात्री गाडी रस्त्याच्या कडेला, ड्रायव्हर-क्लीनरचं जेवण मी पोहोचवलं. तेव्हापासून फट्टी धरलेला फोटो, त्यात गाडीचा नंबर दिसतोय असा, आल्याशिवाय मी अर्ज उघडत नाही.

अर्ज कुठे कुठे

एका खिडकीवर काम होईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. रस्ता ज्याचा, परवानगी त्याची.

राष्ट्रीय महामार्गासाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आहे. नागपुरात राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ एकमेकांना छेदतात, त्यामुळे बहुतेक माल यातल्या एकावर तरी येतोच. इथे गाडीचा, म्हणजे पुलरचा (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचा) आणि ट्रेलरचा नंबर, एक्सलची संख्या, मालासह वजन, लांबी-रुंदी-उंची आणि मार्ग भरायचा असतो. वजन फार मोठं असेल तर पुलांची तपासणी वेगळी होते, तो विषय इथे घेत नाही.

राज्य महामार्ग आणि जिल्हा रस्ता आला तर सार्वजनिक बांधकाम विभागाचे कार्यकारी अभियंता. शहराच्या हद्दीत वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांचं पत्र, त्यात तारीख, वेळ आणि मार्ग ठरवून देतात, शक्यतो रात्रीचा. रस्त्यावरच्या तारांसाठी महावितरणचं स्थानिक कार्यालय. नियमाप्रमाणे रस्ता ओलांडणारी कमी दाबाची तार ५.८ मीटरवर आणि उच्च दाबाची ६.१ मीटरवर हवी. उन्हाळ्यात तारा सैल होऊन खाली येतात, हे नागपूरच्या मे महिन्यात वेगळं सांगायला नको. ट्रान्सफॉर्मरसारखा माल असेल तर लाइन बंद ठेवण्याची वेळ लेखी घ्या आणि लाइनमन जागेवर हवा.

आणि रेल्वे. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सगळ्यात आधी इथे अर्ज टाका. विजेवर चालणाऱ्या मार्गाच्या फाटकावर ती कमान ४.६७ मीटरवर असते, म्हणजे साधारण १५ फूट ४ इंच. वरची तार २५,००० व्होल्टची, आणि तिला प्रत्यक्ष स्पर्श व्हायचीही गरज नसते, जवळ गेलं तरी ठिणगी उडी मारते. कमानीपेक्षा उंच माल न्यायचा तर रेल्वे आधी पाहणी करते, मग गाड्या थांबवून आणि तारेतली वीज बंद करून ठराविक मिनिटांचा अवधी देते. त्याचा खर्च आधी भरावा लागतो. तो अवधी चुकला तर नवीन तारीख.

नागपूरचा पेच असा की इथे मंडल रेल्वे व्यवस्थापकांची कार्यालयं दोन आहेत, दोन्ही "नागपूर मंडल". वर्धा आणि काटोल-इटारसीकडची लाइन मध्य रेल्वेची. इतवारी, कामठी, भंडारा, उमरेड-नागभीड, सावनेर-छिंदवाडा ही बाजू दक्षिण पूर्व मध्य रेल्वेची. अर्ज चुकीच्या कार्यालयात टाकला तर तो तिथून इकडे येईपर्यंत तुमची लोडिंगची तारीख गेलेली असते. फाटकाच्या खोलीवर फाटक क्रमांक आणि किलोमीटर लिहिलेलं असतं, ते अर्जात जसंच्या तसं उतरवा. "उमरेड रोडचं फाटक" असं लिहून चालत नाही.

मार्ग पाहणी

अर्जासोबत मार्गाचा नकाशा आणि पाहणी अहवाल लावायचा असतो. अनेक जण तो टेबलावर बसून मोबाइलच्या नकाशावरून करतात. त्या नकाशात उंची नसते. मोटारसायकलवर एक माणूस आणि हवी तेवढी लांब होणारी फायबरची काठी पाठवा. प्रत्येक पूल, तार, कमान, स्वागताचं फाटक, सिग्नलचा आडवा खांब, सगळ्यांची उंची लिहून आणा.

शहरात लोहापूल आणि नरेंद्रनगरचा रेल्वेखालचा रस्ता उंच मालाच्या मार्गात मी धरतच नाही, आणि पावसाळ्यात तर तिथे पाणीच साचतं. गड्डीगोदामला खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो अशी चार मजली रचना आहे. उड्डाणपुलावरून गेलो की रेल्वेची कटकट सुटली असं वाटतं, पण तिथे डोक्यावर मेट्रोचा तळ आहे. वर्धा रोडच्या डबल डेकरलाही तेच. उंच मालाला बाहेरचा रिंग रोड बरा, चार किलोमीटर जास्त पडले तरी.

तारखाही बघा. हिवाळी अधिवेशनाचे दिवस, मारबत, धम्मचक्र प्रवर्तन दिन, या काळात शहरातली परवानगी मागण्यात अर्थ नाही.

कागद

आरसी (पुलर आणि ट्रेलर दोन्हींची), फिटनेस, परमिट, विमा, पीयूसी, ड्रायव्हरचं जड वाहनाचं लायसन्स. एमएच ३१, ४० किंवा ४९, गाडी कुठल्याही आरटीओची असू द्या, कर थकलेला नको, तो ऑनलाइन लगेच दिसतो. मालाचं बीजक, बिल्टी, कारखान्याचं ड्रॉइंग ज्यात वजन आणि मापं आहेत, धर्मकाट्याची पावती, माल अविभाज्य असल्याचं पाठवणाऱ्याचं पत्र, गाडीवर माल ठेवल्यावर समोरून आणि बाजूने कसा दिसेल त्याचं मापांसह रेखाचित्र, मार्ग पाहणी अहवाल, नुकसान झाल्यास भरपाईचं हमीपत्र. सगळ्या कागदांवर उंचीचा आकडा एकच हवा. ड्रॉइंगमध्ये मिलिमीटर, अर्जात मीटर आणि हमीपत्रात फूट असा घोळ झाला की फाइल परत येते.

ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढताना गाडीच्या प्रकारात मोठ्या आकाराचा माल हा पर्याय निवडा. साध्या मालाला दिवसाला २०० किलोमीटर धरतात, या मालाला फक्त २०. म्हणजे साठ किलोमीटरला तीन दिवस मिळतात. साधा पर्याय निवडला तर एकच दिवस, आणि गाडी फाटकावर अडकली की बिल मेलं. मुदत वाढवायची तर संपण्याच्या आधीचे ८ तास आणि नंतरचे ८ तास, एवढ्यातच.

तरीही अडकली तर

गाडी मागे-पुढे ओढू नका. ११२ ला फोन करा, पूल रेल्वेचा असेल तर जवळच्या स्टेशनला किंवा १३९ ला लगेच कळवा. खालून धक्का बसलेल्या पुलावरून पुढची गाडी सोडायची की नाही, हे रेल्वेला ठरवायचं असतं. फक्त टेकलेली असेल, रुतलेली नसेल, तर पोलिसांसमोर चाकांची हवा कमी करून हळूहळू मागे काढता येते. विजेच्या तारेला लागली असेल तर केबिनमधून उतरू नका, आणि बाहेरच्या कोणालाही गाडीला हात लावू देऊ नका.

परवानगीच्या तीन प्रती काढा. एक केबिनमध्ये, एक ट्रेलरच्या पुढे चालणाऱ्या पायलट गाडीत, एक ऑफिसात. मोजलेली उंची मीटर आणि फूट दोन्हींत जाड पेनाने लिहून ड्रायव्हरच्या समोरच्या काचेला आतून चिकटवा. आणि ट्रेलर बदलला, तर मला फोन करा.