अक्षरपद्धती (इंग्रजी स्पेलिंग)

शब्दातील अक्षरांची नावे क्रमाने मोठ्याने म्हणायला लावून लहान मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याची जुनी रीत. इंग्लंड आणि अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत तीच रूढ होती. स्पेलिंग तेव्हा वेगळा विषय नव्हता. वाचनाची वाटच त्यातून जात असे. लिहिणे नंतर शिकवत आणि पुष्कळ मुलींच्या वाट्याला ते येतच नसे.

सुरुवात हॉर्नबुकाने होई. मूठ असलेल्या लाकडी फळीवर एकच कागद आणि तो मळू नये म्हणून वर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा. कागदावर वर्णमाला, स्वर, मग ‘ॲब, एब, इब’ अशा जोड्या आणि खाली ख्रिस्ती प्रार्थना. जोड्यांचे हे कोष्टक बाराखडीची आठवण करून देते. मात्र बाराखडीत प्रत्येक मात्रेचा उच्चार ठरलेला असतो. इंग्रजी स्वर शब्दागणिक बदलतो. शिवाय ‘सी-ए-टी’ ही नावे कितीही भरभर म्हटली तरी त्यांतून ‘कॅट’ ऐकू येत नाही. मुलांना ते घोकूनच पक्के करावे लागे.

मोठे शब्द तुकड्यांनी म्हणवून घेत : ‘सी-एल-यू-एस, क्लस, टी-ई-आर, टर, क्लस्टर’. तुकडा कुठे पाडायचा हा प्रश्न नोआ वेब्स्टर या तरुण अमेरिकन शिक्षकाने गांभीर्याने घेतला. थॉमस डिलवर्थच्या १७४० च्या इंग्लिश पुस्तकात हाच शब्द ‘क्लु-स्टर’ असा तोडलेला होता. वेब्स्टरने १७८३ मध्ये हार्टफर्ड येथे काढलेल्या स्पेलिंगच्या पुस्तकात कानाला ऐकू येईल तसे तुकडे पाडले. बदल छोटा दिसतो, पण मुलाच्या जिभेचा विचार त्यात आहे. निळ्या पुठ्ठ्याच्या या पुस्तकाच्या पुढे कोट्यवधी प्रती खपल्या. ‘ऑनर’सारख्या शब्दांतला ‘यू’ गाळणारी अमेरिकी वळणाची स्पेलिंगे मात्र या पहिल्या पुस्तकात नव्हती, ती वेब्स्टरने नंतर स्वीकारली.

मॅसॅच्युसेट्सचे शिक्षणसुधारक होरेस मॅन यांना सुटी अक्षरे रक्तहीन सांगाड्यांसारखी वाटत. आधी अख्खा शब्द ओळखू द्यावा, असा त्यांचा आग्रह होता. बॉस्टनच्या शाळामास्तरांनी १८४४ मध्ये त्याला कडाडून विरोध केला. घोकंपट्टीवरची मॅन यांची टीका रास्त होती, पण तुकड्यांनी शब्द जुळवण्यात जे बळ होते त्याकडे त्यांचे दुर्लक्ष झाले. कालांतराने वाचन स्पेलिंगच्या आधी आले आणि स्पेलिंग हा शब्दांची यादी पाठ करण्याचा स्वतंत्र तास झाला.