मेल सर्व्हरची देखभाल: आवृत्ती जुनी दिसते, मग अपडेट नक्की कशाचं होतं?

(लिनक्स मेल सर्व्हर आमच्या देखभालीत असलेल्या ग्राहकांसाठी)

ऑडिटरने सर्व्हर स्कॅन केला की रिपोर्टमध्ये हमखास एक लाल ओळ येते: ओपनएसएसएलची आवृत्ती जुनी, त्वरित अपडेट करा. (ओपनएसएसएल म्हणजे जोडणी एन्क्रिप्ट करणारी, इतर प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी.) पाठोपाठ आम्हाला फोन येतो की देखभालीचे पैसे दर वर्षी भरतो, मग अपडेट कोण करायचं? प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईत त्याचं उत्तर धड देता येत नाही, म्हणून हे पत्रक.

आवृत्तीची शेपटी वाचा

तुमच्या सर्व्हरवर डेबियन या लिनक्स प्रणालीची स्टेबल (स्थिर) आवृत्ती असते. ती एकदा बाहेर पडली की तिच्यातल्या पॅकेजांच्या, म्हणजे तयार प्रोग्रामांच्या, मूळ आवृत्त्या सहसा हलत नाहीत. सुरक्षेतलं भोक सापडलं, की डेबियनचे लोक नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या आवृत्तीत बसवतात. याला बॅकपोर्ट म्हणतात.

एप्रिल २०१४ मधलं हार्टब्लीड हे ओपनएसएसएलमधलं भोक आठवत असेल. ओपनएसएसएलच्या मूळ प्रकल्पाने दुरुस्ती १.०.१जी या आवृत्तीत दिली. डेबियन ७ वर मात्र आकडा १.०.१ई हाच राहिला. दुरुस्त पॅकेजचा पूर्ण क्रमांक होता १.०.१ई-२+डेब७यू५. फक्त '१.०.१ई' वाचणाऱ्या स्कॅनरला तो सर्व्हर धोक्यात दिसणार. 'डेब७यू५' वाचणाऱ्याला कळतं, की भोक बुजवलेलं आहे.

म्हणून असा रिपोर्ट आला तर त्यातला सीव्हीई क्रमांक (प्रत्येक भोकाला दिलेला ओळखक्रमांक) आम्हाला पाठवा. पॅकेजच्या बदलांच्या नोंदीत तो क्रमांक असतो. ती नोंद आम्ही काढून देतो आणि ऑडिटरला ती पुरते. नोंद नसेल आणि भोक खरंच उघडं असेल, तर तेही स्पष्ट सांगतो.

मग सरळ सगळ्यात नवीन का नको?

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साध्याशा पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरच्या लक्षात आलं, की एसएसएचने (सर्व्हरवर दुरून शिरायच्या सोयीने) लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. त्या धाग्याने ते तिथवर पोहोचले. तोवर डेबियनच्या टेस्टिंग शाखेत (जिथे पुढची स्टेबल तयार होते) ही पॅकेजं पोहोचली होती. स्टेबलमध्ये ५.४.१ होतं, ते सुटलं. दर वेळी नशीब असं साथ देईलच असं नाही, पण मेलसारख्या रोजच्या कामाला आम्ही स्टेबलच पसंत करतो.

डिस्ट्रोवाले, म्हणजे डेबियनसारख्या लिनक्स प्रणाली बांधून देणारे, चुकत नाहीत असंही नाही. २००६ मध्ये डेबियनच्याच एका बदलामुळे ओपनएसएसएलमधली यादृच्छिकता जवळपास संपली. तयार होणारी एन्क्रिप्शनची किल्ली मोजक्या ३२,७६८ शक्यतांपैकी एक असे, आणि हे उघडकीला यायला मे २००८ उजाडला. इतक्या लोकांच्या नजरेखालच्या पॅकेजमध्ये चूक दीड वर्षाहून जास्त लपते, तर आम्ही दोघा-तिघांनी घरच्या घरी बांधलेल्या पॅकेजमधली कोण पकडणार? म्हणून आम्ही मेलची पॅकेजं स्वतः बांधत नाही. तुमच्याकडच्या माणसांनीही बाहेरच्या रिपॉझिटरी (पॅकेजांची भांडारं) परस्पर जोडू नयेत. एखादं पॅकेज तिकडून आलं, की डेबियनच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला लागू होत नाहीत.

पॅकेज बदललं, चालू प्रोग्राम जुनाच

हा भाग सगळ्यात जास्त वेळा निसटतो. अपडेट डिस्कवरची फाइल बदलतं. डव्हकॉट (इनबॉक्स दाखवणारा प्रोग्राम) किंवा पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम) आधीपासून चालू असेल, तर त्याने मेमरीत घेतलेली जुनी लायब्ररी तशीच राहते. 'सर्व काही अद्ययावत' असं सर्व्हर सांगतो आणि भोक मात्र उघडंच. हार्टब्लीडच्या वेळी डेबियनने दुसऱ्याच दिवशी पॅकेजची सुधारित आवृत्ती काढली, ती एवढ्यासाठीच: अपडेट होतानाच कोणत्या सर्व्हिस रीस्टार्ट करायला हव्यात ते तपासण्यासाठी.

अपडेटनंतर आम्ही 'नीडरीस्टार्ट' हे तपासणीचं साधन चालवतो आणि जुनी लायब्ररी धरून बसलेल्या सर्व्हिस रीस्टार्ट करतो. कर्नल (प्रणालीचा गाभा) बदललं असेल तर अख्खा सर्व्हर. रात्री उशिरा अ‍ॅप एक-दोन मिनिटं 'कनेक्ट होत नाही' म्हणालं, तर बहुधा हेच चाललेलं असतं. तेवढ्यात येणारी मेल हरवत नाही, पाठवणारा सर्व्हर ती रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा पाठवून बघतो.

सर्टिफिकेट

सर्टिफिकेट म्हणजे सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट आतापर्यंत ९० दिवसांचं मिळत आलंय आणि मुदत संपायच्या बऱ्याच आधी ते आपोआप नवं होतं. इथेही गोम तीच. फाइल नवी होते, पण डव्हकॉटला रीलोड करायला कुणी सांगितलं नाही तर तो जुनंच दाखवत बसतो. पोस्टफिक्सच्या मेल घेणाऱ्या प्रोसेस थोड्या थोड्या वेळाने नव्याने सुरू होतात, त्यामुळे तो उशिरा का होईना नवं उचलतो. परिणाम विचित्र दिसतो: मेल जाते, पण इनबॉक्स उघडताना 'सर्टिफिकेटची मुदत संपली' असा इशारा येतो. असा इशारा दिसला तर 'तरीही पुढे जा' दाबू नका, आम्हाला कळवा. आधी आपल्या यंत्राची तारीख मात्र बघा. घड्याळ मागे-पुढे असलं तरी हाच इशारा येतो.

आम्ही डिस्कवरची फाइल बघून समाधान मानत नाही. रोज बाहेरून जोडणी करून सर्व्हर खरोखर कोणतं सर्टिफिकेट दाखवतोय ते तपासतो. सार्वजनिक सर्टिफिकेटांची कमाल मुदत मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा हाताने बदलत बसायचे दिवस तसेही संपले.

अ‍ॅपमधली सेटिंग

मेल घ्यायला पोर्ट ९९३, पाठवायला ४६५. या दोन्हींवर जोडणी पहिल्या क्षणापासून एन्क्रिप्टेड असते. ५८७ सुद्धा चालतं, पण तिथे सुरुवात उघड्यावर होते आणि मग 'स्टार्टटीएलएस' म्हणून कुलूप लागतं. अ‍ॅपमध्ये 'उपलब्ध असल्यास' असा पर्याय निवडलेला असेल, तर मधल्यामध्ये कुणी ती 'स्टार्टटीएलएस'ची सूचनाच गाळू शकतो आणि पासवर्ड उघडा जाऊ शकतो. तिथे 'आवश्यक' निवडा. पोर्ट २५ सर्व्हरांच्या आपापसातल्या कामासाठी आहे, अ‍ॅपमध्ये ते घालू नका.

मेल स्कॅन करून पाठवणारी जुनी यंत्रं हे आमचं कायमचं दुखणं. त्यांतल्या बऱ्याच जणांना टीएलएस (जोडणी एन्क्रिप्ट करायची पद्धत) १.० च्या पुढचं काही येत नाही. १.० आणि १.१ मार्च २०२१ मध्ये अधिकृतपणे बाद ठरले. डेबियन १० पासून तर ओपनएसएसएलच्या मूळ सेटिंगमध्येच किमान १.२ आहे. 'तेवढं एक यंत्र चालावं म्हणून जरा सैल करा ना' अशी विनंती येते. सर्व्हर सैल केला की तो सगळ्यांसाठी सैल होतो, म्हणून आम्ही नाही म्हणतो. त्याऐवजी कार्यालयाच्या आतल्या नेटवर्कवर छोटा रिले बसवून देतो. तो फक्त त्या यंत्राकडून मेल घेतो आणि पुढे नीट एन्क्रिप्ट करून पाठवतो.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. तुमच्या अ‍ॅपपासून आमच्या सर्व्हरपर्यंतची वाट आमच्या हातात आहे. तिथून पुढे समोरच्या सर्व्हरला एन्क्रिप्शन येत असेल तरच ते होतं. ते सगळ्यांसाठी सक्तीचं केलं तर काही ठिकाणी मेल पोहोचणारच नाही. ठरावीक एखाद्या संस्थेशी सक्ती हवी असेल तर तिचं डोमेन कळवा, तेवढ्यापुरती लावता येते.

डेबियन १२ वरून १३ वर जाताना

ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये डव्हकॉट २.४ आहे आणि त्याला आधीच्या २.३ ची सेटिंग फाइल चालत नाही. जागच्या जागी अपग्रेड केलं तर डव्हकॉट सुरूच होणार नाही. म्हणून आम्ही शेजारी नवा सर्व्हर उभा करतो, मेल तिकडे उतरवतो आणि मग सर्व्हरचं नाव त्याच्याकडे वळवतो. तुमचा पासवर्ड आणि अ‍ॅपमधलं सर्व्हरचं नाव तेच राहतं. कुणी सेटिंग फाइलमध्ये हाताने काही बदल केला असेल तर आधी सांगा, नाहीतर तो नव्या सर्व्हरवर येणार नाही. पीओपी या पद्धतीने मेल यंत्रावर उतरवणारी खाती असतील तर त्यांचीही यादी द्या. संदेशांचे ओळखक्रमांक जसेच्या तसे उतरले नाहीत, तर सर्व्हरवर ठेवलेली सगळी जुनी मेल त्या यंत्रांवर पुन्हा एकदा येऊन पडते.