कॅलिफोर्नियामार्गे घरी परतलेलं भात

भाताला पाणी आवडतं, हे अर्धसत्य आहे. पायाशी वीतभर पाणी असलं की ते खूश. पण तेच पाणी डोक्यावरून जाऊन आठवडाभर थांबलं, तर रोप जातं. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडारा-गडचिरोलीकडच्या बांध्यांमध्ये धानाचं असंच झालं. ओडिशा, आसाम, बिहार, बांगलादेश इथल्या सखल शेतांना तर हे नेहमीचंच.

बुडालेलं रोप गुदमरून मरतं, असं आपल्याला वाटतं. ते खरंच, पण त्याचा मोठा घात त्याची स्वतःची धडपड करते. पाण्यात वायू हवेच्या सुमारे १०,००० पट हळू पसरतात. त्यामुळे रोपात तयार होणारा इथिलीन (आढीतली केळी पिकवतो तोच) बाहेर न पडता आतच कोंडतो. त्या इशाऱ्यावर रोप पाण्याबाहेर डोकं काढायला भराभर वाढू लागतं आणि साठवलेलं पिष्ट त्यात उधळून टाकतं. गढूळ पाण्याखाली ऊन जेमतेम पोचतं, म्हणजे नवी कमाई जवळजवळ बंद. पाणी ओसरतं तेव्हा चिखलावर लोळणारी, पिवळी, लांबुडकी धाटं तेवढी उरतात.

ओडिशातल्या एका गावठी भातातून निवडलेला ‘एफआर १३ए’ हा वाण मात्र बुडाला की हातपाय मारत नाही. वाढ थांबवून, शिल्लक जपून पडून राहतो. दोन आठवड्यांनी पाणी उतरलं की पुन्हा फुटतो. हा गुण नेमका हेरला गेला तो फिलिपिन्समधल्या लॉस बान्योसच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत, जिथे देशोदेशींची बियाणी जमा होतात. पण या वाणाचं उत्पन्न कमी. चांगल्या वाणाशी संकर केला, की पूर सोसण्याच्या गुणासोबत नको ते गुणही वऱ्हाडासारखे मागे यायचे.

ही गाठ सुटायला बरीच वर्षं लागली, आणि तीही तुकड्यातुकड्यांनी. १९९६मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस आवारात केनाँग शू आणि डेव्हिड मॅकिल यांनी हा गुण भाताच्या नवव्या गुणसूत्रावर असल्याचं दाखवलं. २००६मध्ये पामेला रोनाल्ड, ज्युलिया बेली-सेरेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं जनुक हाती लागल्याचं जाहीर केलं: ‘सब-१ए’. हे जनुक इथिलीनच्या हाकेला रोपाला ‘ओ’ देऊ देत नाही.

आता डीएनएवरची खूण बघून, पुढच्या पिढीत कोणत्या रोपात हा तुकडा आलाय हे कोवळ्या रोपावरच कळू लागलं. आंध्रातल्या मारुतेरूचा ‘स्वर्णा’ हा पूर्व भारतात घरोघरी लावला जाणारा वाण. त्याच्याशीच पुन्हा पुन्हा संकर करत तेवढा एक तुकडा लॉस बान्योसमध्ये त्यात आणला गेला. बाहेरचं जनुक प्रयोगशाळेत घुसवलेलं नाही, त्यामुळे जीएम म्हणजे जनुक-बदल पिकांच्या वादाचा इथे प्रश्न येत नाही. ‘स्वर्णा-सब-१’ला भारतात २००९मध्ये मान्यता मिळाली, बांगलादेशात तोच वाण २०१०मध्ये ‘ब्री धान ५१’ झाला.

श्रीमंत देशांनी तंत्रज्ञान द्यायचं आणि गरीब देशांनी घ्यायचं, असं हवामान परिषदांमधलं चित्र मला म्हणूनच अपुरं वाटतं. इथे कच्चा माल ओडिशाच्या शेतकऱ्यांचा होता. त्यांच्यापैकी कुणाचंही नाव शोधनिबंधात नाही.

परतफेड झाली ती वेगळ्या रूपात. ओडिशातल्या गावांमधल्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. शेत दहा दिवस बुडालं, तर साध्या स्वर्णापेक्षा सुमारे ४५ टक्के जास्त उत्पन्न. पूर आलाच नाही, तरी तोटा नाही. आणि अनुसूचित जातींच्या वाट्याला तिथे जास्त करून सखल, बुडणारी जमीन आलेली असल्यामुळे फायद्यात त्यांचा वाटा मोठा. जातीनं ठरवलेला जमिनीचा उतार जनुकाच्या हिशेबात असा उमटतो.

सगळ्या पुरांवर हा इलाज नव्हे. दोन-अडीच आठवड्यांपलीकडे पाणी राहिलं, किंवा पेरल्यापेरल्या बी बुडालं, तर सब-१चा उपयोग नाही. महिनोन्‌महिने खोल पाण्यात उभ्या राहणाऱ्या भाताला तर उलटीच युक्ती लागते: वाढत राहायचं. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या गटानं २००९मध्ये त्यामागची जनुकं शोधली. नाव ठेवलं ‘स्नॉर्कल’. समुद्राचं पाणी शिरतं तिथे आणखी तिसरीच गोष्ट. गोव्याच्या खाजण म्हणजे खाडीकाठच्या शेतीतला कोरगुट हा भाताचा वाण खारं पाणी सोसतो.

सब-१च्या शेजारीच, त्याच गुणसूत्रावर, तुसाचा सोनेरी रंग दाबणारा एक तुकडा आहे आणि तो सोबत आलाय. स्वर्णाचं तूस सोनेरी, म्हणून ते नाव. स्वर्णा-सब-१चं तूस मात्र फिकट, पेंढ्याच्या रंगाचं. दोन्ही मूठमूठ घेऊन शेजारी शेजारी ठेवली, की खऱ्या बियाण्यात कुणी साधा स्वर्णा मिसळलाय का, हे नुसत्या नजरेनं कळतं.